उठबस

३ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. हल्ली हा एकच नमस्कार मला व्यवस्थित जमतो, कारण मी आडवाच असतो.

फोन का करत नाहीस म्हणून तू रुसलीस असं भावजींकडून कळलं. अगं, फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू स्वतःच्या मनाने भरतेस. मागच्या वेळी मी ‘नळ गळतोय’ म्हणालो, तू ‘गळा धरलाय’ ऐकलंस आणि खोकल्याचं औषध पाठवलंस. औषध संपलं, नळ अजून गळतोय. म्हणून पत्र. पोटावर उशी, उशीवर पाट, पाटावर कागद. पेन उलटं धरलं की शाई येत नाही, म्हणून पेन्सिल. अक्षराला नावं ठेवू नकोस.

बातमी अशी की माझ्या भत्त्याची फेरतपासणी निघाली आहे. जिन्यावरून ती ग्रॅनाइटची लादी आणि मी एकदम खाली आलो त्याला पाच वर्षं झाली. लादी शाबूत राहिली. सव्वीस वर्षं लोकांच्या घरी फरश्या बसवल्या आणि आता दर दोन वर्षांनी माझ्या कंबरेत नवा मणका उगवला का, हे बघायला मला बोलावतात. डॉक्टर म्हणाले, वाका. मी म्हटलं, वाकतो, पण परत सरळ करायची जबाबदारी तुमची. ते हसले नाहीत. नंतर बावीस पानांचा फॉर्म दिला. त्यात एक प्रश्न होता, एका जागी किती वेळ बसू शकता, आणि तो फॉर्म भरायला तीन तास बसायचं. जवळचे नातेवाईक म्हणून तुझं नाव घातलंय. दुसरं आहे कोण.

बाकी मी मस्त. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई कामावरून येताना माझा बाजार आणतात, मी त्यांना शब्दकोडी सोडवून देतो. त्यांच्याकडे माझ्या घराची एक किल्लीही असते. भावजींना नमस्कार सांग.

तुझा,
ढब्बू


१४ मार्च

चि. ढब्बू,

अनेक आशीर्वाद, त्यातला एक तुझ्या अक्षराला. पेन्सिलीने लिहितोस की कागदावर मुंग्या सोडतोस? शेवटी यांचा चष्मा लावून वाचलं.

दुकानात सध्या उसंत नाही. सगळ्या गावाच्या चेनी एकदम बिघडल्यात. काल एका बाईंनी लग्नाच्या आधीचा कोट आणला, म्हणे थोडा सैल करून द्या. थोडा म्हणे. मी कापड बघितलं, बाईंना बघितलं आणि म्हटलं, बाजूला नवी पट्टी घालू या.

तू सारखा लोळत पडू नकोस. पाठ दुखते म्हणून पडून राहिलं की आणखी दुखते असं हे म्हणतात. यांची पाठ जन्मात कधी दुखलेली नाही, पण म्हणतात. रोज सकाळी चौकापर्यंत चालून येत जा. आणि नळाचं मला आधीच नीट सांगायचंस ना, प्लंबर पाठवला असता.

बरं, एक गंमत आहे, पण ती आत्ता सांगणार नाही. काल एका बाईंचा फोन आला होता. तुझ्याबद्दल विचारत होत्या. आवाज गोड, बोलणं अगदी अदबीचं. चांगली वीस मिनिटं बोललो. तुझी बाजू मी अशी मांडली आहे की जन्मभर नाव काढशील. तुझ्यासाठी निळा शर्ट शिवायला घेतलाय. छाती, खांदा, बाही, तिन्ही मापं कळव. आणि केस काप.

तुझी,
ताई


२९ मार्च

ती. ताई,

साष्टांग वगैरे आहेच. उत्तराला उशीर झाला, जरा कामात होतो.

मापं सोबतच्या कागदावर आहेत. नर्सबाईंनी टेप आणून घेतली, मी आडवा असताना. त्या म्हणाल्या, मापं बरोबर आहेत, पण उभा राहिल्यावर शर्ट कसा दिसेल याची हमी देता येत नाही.

आता त्या फोनवाल्या बाईंचं सांग. मला दाट संशय येतोय. मागे तू एका ग्रंथपाल बाईंना माझा फोटो दाखवला होतास. तो फोटो तेरा वर्षांपूर्वीचा होता आणि त्यात मी खांद्यावर लादी घेऊन हसत होतो. बाई मला भेटायला आल्या तेव्हा त्या माझ्या मागे बघत होत्या, फोटोतला माणूस कुठे आहे म्हणून. त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा हा प्रकार नको. अगदीच करणार असशील तर माझी एकच अट आहे, तिला बुटाची नाडी बांधता आली पाहिजे. स्वतःची नव्हे, माझी.

केस कापले. न्हावी घरी आला होता. तोही म्हणाला, अशा अवस्थेत मी आजवर फक्त बाळांचे कापलेत.

ढब्बू


१९ एप्रिल

ताई,

भत्ता बंद झाला. आज कागद आला. त्यातला मजकूर जसाच्या तसा उतरवतो.

‘अर्जदाराच्या जवळच्या नातेवाइकाशी १३ मार्च रोजी दूरध्वनीवरून झालेल्या संभाषणानुसार अर्जदाराची उठबस चांगली आहे. अर्जदार घरातील कपाट एकट्याने हलवतात. जिना चढण्यात अडचण नाही. पाठदुखी किरकोळ असून अधूनमधून उद्भवते. अर्जदारास कोणाच्याही आधाराची गरज नाही. सबब भत्ता बंद करण्यात येत आहे.’

हे मी चार वेळा वाचलं. इतका धडधाकट माणूस कोण आहे, मलाही त्याला भेटायला आवडेल. पण जवळची नातेवाईक एकच आहे, आणि १४ तारखेच्या पत्रात तूच लिहिलं होतंस की काल फोन आला होता.

मी तुला ढोंगी वाटतो का? वाटत असेन तर तसं मला तोंडावर सांगायचंस. मी ऐकून घेतलं असतं. ऑफिसात सांगायची काय गरज होती?

अपिलाला तीस दिवस आहेत. ते फेटाळलं तर मला भाडं झेपणार नाही, ही तळमजल्याची जागा सोडावी लागेल. तळमजला सोडून मी कुठे राहू शकतो, मला माहीत नाही. आज थट्टा सुचत नाहीये.

ढब्बू


२३ एप्रिल

चि. ढब्बू,

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि मशीनवर तशीच बसून राहिले. गिऱ्हाईक आलं, त्याला म्हटलं आज दुकान बंद आहे. दार सताड उघडं होतं.

सगळं सांगते, मध्ये बोलू नकोस.

जानेवारीत मी तुझं नाव एका लग्न जुळवणाऱ्या कार्यालयात नोंदवलं. तुला इतक्यात सांगायचं नाही असं आमचं दोघांचं ठरलं होतं. मार्चात फोन वाजला. बाई म्हणाल्या, मी अमुक कार्यालयातून बोलतेय, तुमच्या भावाची फाइल माझ्यासमोर आहे. त्यातलं ‘अमुक’ मला ऐकू आलं नाही, ‘कार्यालय’ तेवढं आलं. झालं, मी सुटले.

त्यांनी विचारलं, एकटे राहतात का? म्हटलं, एकटा राहतो, पण घर बघाल तर लख्ख. घरकाम करतात का? म्हटलं, सगळं करतो, कपाटसुद्धा एकटा हलवतो. हलवलं होतंस ना तू, आमच्याकडे, अकरा वर्षांपूर्वी. जिना चढतात का? म्हटलं, जिन्याचं काय घेऊन बसलात, डोंगर चढेल. मग त्यांनी पाठीचं विचारलं. म्हटलं, यांना कळलं कुठून. मी आपली सारवासारव केली, कधीतरी जरा धरते, या वयात कुणाची धरत नाही. मग म्हणाल्या, त्यांना कुणाच्या आधाराची गरज वाटते का? मला वाटलं, लग्नाची घाई आहे का असं आडून विचारतायत. फार अगतिक दिसू नये म्हणून म्हटलं, तसं त्याचं काही अडलेलं नाही.

आणि शेवटी उठबस. ‘त्यांची उठबस कशी आहे?’ असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उठबस अगदी चांगली आहे हो, सगळी सभ्य माणसं, कुणी पिणारं नाही. बाई म्हणाल्या, बरं, लिहून घेते. मला वाटलं, छाप पडली.

आता जे लिहितेय त्याची मला खरी लाज वाटते. मी त्या बाईंना वाढवून सांगत होते, पण ते मला स्वतःलाही बरंचसं खरं वाटत होतं. तुझी पत्रं कशी असतात? नुसती थट्टा. वर्षातून एकदा भेटतोस तेव्हा सगळ्यांना हसवत असतोस. ढोंगी तू मला कधीच वाटला नाहीस, आईशप्पथ. पण दुखत असेल, इतकं नसेल, असं मात्र वाटायचं.

मी अपिलाला येणार. बोलणार. पण सांगू काय? मला माहीत काय आहे तुझं? एक दिवस मला लिहून कळव, सकाळपासून, जसा जातो तसा. विनोद नको.

ताई


२ मे

ती. ताई,

उठबशीवर मी इतका हसलो की पाठ धरली आणि दोन दिवस हलता आलं नाही. तुझ्यावरचा राग होता तो त्यात गेला. कुणी पिणारं नाही, हे ऐकून बाईंनी काय लिहावं बिचाऱ्यांनी.

आता तू मागितलास तो दिवस. मंगळवार घेतो. तो फार वाईट नव्हता.

जाग सहाला आली, उठलो सव्वासातला. मधला वेळ कुशीवर वळण्यात आणि पाय खाली सोडण्यात गेला. दात घासताना एका हाताने बेसिन धरावं लागतं. वाकता येत नाही म्हणून चूळ पेल्यात टाकतो आणि पेला ओततो. मोजे लांब चिमट्याने घालतो. मंगळवारी डावा चढला, उजव्याच्या वेळी दम लागला, मग एकाच मोज्यावर दुपारपर्यंत राहिलो. स्वयंपाक दहा मिनिटं उभ्याने, मग दहा मिनिटं जमिनीवर, मग पुन्हा उभा. बटाटे उकडेपर्यंत दोनदा आडवा झालो.

दुपारी डाव्या पायात कळ येते, कंबरेपासून टाचेपर्यंत. ती असते तेव्हा मला वाचता येत नाही, बोलता येत नाही, कुणी बोललेलं सहन होत नाही. मंगळवारी दीडला आली, पाचला गेली. ती गेली की मी पुन्हा माणसात येतो. तुला पत्र लिहितो ते त्या वेळात. भेटायला येतो तेही आदल्या दिवशी आणि नंतर चार दिवस पडून राहून. त्यामुळे तुला फक्त तेवढ्या वेळातला मी माहीत आहे. यात तुझी चूक नाही, मीच तसं ठेवलं.

मार्चात ‘जरा कामात होतो’ असं लिहिलं होतं. स्वयंपाकघरात ओट्यापाशी पडलो होतो. डब्याचं झाकण खाली पडलं आणि विसरून उचलायला गेलो. सकाळी अकरा ते दुपारी चार. नर्सबाई आल्या, हाक मारली, ओ आली नाही म्हणून त्यांनी किल्लीने दार उघडलं. पाच तास मी फरशी बघत होतो, ताई. भिकार बसवली आहे, सांधे एका रेषेत नाहीत. माफ कर, सवयीने लिहिलं गेलं.

तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू मला ओरडायचं बंद केलं असतंस. बाकी सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. लोळू नकोस, केस काप, असं म्हणणारी तू एकटीच उरली आहेस. ते गेलं असतं तर मला फार एकटं वाटलं असतं.

हे पत्र तुझ्यापुरतं. तिथे वाचू नकोस.

ढब्बू


१२ जून

चि. ढब्बू,

तुझी साक्ष झाल्यावर तू बाहेर बाकावर आडवा झालास, आणि परतताना गाडीत तुझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. म्हणून आत काय झालं ते लिहिते.

टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या बाईंनी तोंड उघडलं. तोच गोड आवाज. मी म्हटलं, बाई, आपण आधी बोललोय. मग लग्नाच्या कार्यालयापासून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. उठबशीपाशी आले तेव्हा डावीकडच्या टकल्या गृहस्थांनी तोंडासमोर फाइल धरली. फाइल हलत होती.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, “तेव्हा खोटं बोललात, मग आज खरं बोलताय हे मी कशावरून मानू?”

मी म्हटलं, “तेव्हा मला माहीतच नव्हतं. सख्खी बहीण असून माहीत नव्हतं. ही लाज माझी आहे, त्याची शिक्षा त्याला देऊ नका.”

आणि मग मी तुझं पत्र काढलं. तू नको म्हणाला होतास. मी वाचलं. पेला, मोजे, बटाटे, टाचेपर्यंतची कळ, सगळं. अकरा ते चारपाशी आले आणि मला पुढे वाचवेना. बाईंनी हात पुढे केला, कागद घेतला आणि उरलेलं मनात वाचलं. दोनदा वाचलं बहुतेक. तुझ्या पेन्सिलीचं अक्षर त्यांना चष्म्याशिवाय लागलं, मला नवल वाटलं. मग कागद घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, निर्णय टपालाने कळेल.

तुझा शब्द मोडला. रागवायचं तर रागाव, महिनाभर अबोला धर, पण जेवत जा.

लग्नाच्या कार्यालयातून तुझं नाव काढलेलं नाही. माहिती मात्र दुरुस्त केली. तिथली मुलगी म्हणाली, इतकं खरं आमच्याकडे कुणी लिहीत नाही.

आणि लोळू नकोस. हे मी मुद्दाम लिहितेय.

ताई


९ जुलै

ती. ताई,

जिंकलो.

आज सकाळी पाकीट आलं. भत्ता पुन्हा सुरू, बंद होता त्या महिन्यांचाही मिळणार, जागा राहिली. नर्सबाई दारातच होत्या, त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा केला, बिस्किटांचा नवा पुडा फोडला. पत्र वाचून दाखवल्याचा राग मला चारच दिवस होता, तू महिन्याची परवानगी दिली होतीस ती वाया गेली. खाली एक ओळ होती, तीही मी वाचली. ‘अर्जदाराच्या स्थितीत सुधारणेची शक्यता नाही. यापुढे फेरतपासणीची आवश्यकता नाही.’ नर्सबाई म्हणाल्या, हे तर सगळ्यात उत्तम, आता कुणी बोलावणार नाही, सुटलात. मीही म्हटलं, सुटलो.

त्या कामावर गेल्या. मी ती ओळ पुन्हा वाचली आणि ताई, मला रडू कोसळलं. दार लावायचंही सुचलं नाही, उभ्यानेच रडलो.

पाच वर्षं मी याच एका वाक्यासाठी भांडत होतो. प्रत्येक डॉक्टरला, प्रत्येक खिडकीतल्या माणसाला हेच पटवत होतो की हे बरं होणारं नाही. त्यांनी एकदाचं मानलं, सही-शिक्का मारून दिला, आणि तेव्हा मला कळलं की मी स्वतः ते कधीच मानलं नव्हतं.

माझ्या पलंगाखाली एक पेटी आहे. त्यात माझी हत्यारं आहेत. थापी, पाणसळ, ओळंबा, रबरी हातोडा, फरशी कापायचं यंत्र. तुला आणि भावजींना मी सांगितलं होतं की विकली. विकली नाहीत. दर महिन्याला पेटी काठीने ओढून घेतो, जमिनीवर कुशीवर पडून एकेक पुसतो, तेल लावतो आणि काठीनेच परत ढकलतो. त्यानंतर दोन दिवस पाठ बोलते. तरी एकही महिना चुकवला नाही. ऑफिसला मी खोटं सांगत नव्हतो, दुखणं खरंच आहे. फक्त मनात कुठेतरी होतं की एक दिवस सकाळी उठेन आणि कामावर जाईन.

माझ्या जुन्या जोडीदाराला आज फोन केला. त्याला मुकादम म्हणतात सगळे, तुझ्या बाथरूमच्या वेळी आला होता तो. म्हटलं, पेटी घेऊन जा, वापरातली आहे, गंज नाही. तो म्हणाला, रविवारी सकाळी येतो.

तू येशील का रविवारी? काम काही नाही. जेवण आणू नकोस, शर्ट आणू नकोस, त्याच्याशी बोलायचंही नाही. तो पेटी घेऊन बाहेर पडेपर्यंत फक्त माझ्या शेजारी बस. मला एकट्याला ते बघवणार नाही.

तुझा,
ढब्बू